कहाणीत मधे बोलू नये

श्रावण शुद्ध सप्तमीला आमच्या घरी चूल पेटत नसे. आदल्या रात्रीच ती शेणानं सारवून, वर हळदीकुंकवाची बोटं ओढून ठेवलेली असायची. सकाळी शिळा भात, दही, कालचे धपाटे आणि लोणचं. आम्हा पोरांना तो दिवस आवडायचा, कारण सरपण आणायची कटकट नसायची. आजी काकडीच्या पानावर दहीभात वाढायची आणि शिळासप्तमीची कहाणी सांगायची.

राजानं गाव वसवलं, तळं बांधलं. तळ्याला पाणी लागेना. जलदेवतांना साकडं घातलं तर त्या म्हणाल्या, सुनेचा थोरला मुलगा बळी दे. राजाला वाईट वाटलं, पण गावाच्या कल्याणाचा प्रश्न होता. सून पोराला सोडणार नाही, म्हणून तिला माहेरी पाठवून दिलं. मागे लेकराला न्हाऊमाखू घातलं, जेवू घातलं, दागिने घातले आणि पलंगावर निजवून तळ्यात नेऊन ठेवलं. तळं भरलं. सून भावाबरोबर परत निघाली, तेव्हा वाटेत सप्तमी आली. भरलेलं तळं पाहून ती हरखली, पाण्यात उतरून वाण सोडलं आणि आमच्या घरचं कुणी पाण्यात बुडालं असेल तर परत मिळू दे, असं मागणं मागितलं. तेवढ्यात कुणीतरी तिचे पाय ओढले. पाहते तर तिचंच लेकरू.

मी सात-आठ वर्षांचा असेन. म्हणालो, "आजी, तिला आधी इचारलं कामून नाही?"

"कहाणीत मधी बोलू नाई," आजी म्हणाली आणि तिनं कहाणी सुफळ संपूर्ण करून टाकली.

औंढा तालुक्यातल्या त्या घरातून मी शिकायला औरंगाबादला गेलो. तिथं एका रद्दीवाल्याकडे मराठी 'पवित्र शास्त्र' मिळालं, पाठीमागचा पुठ्ठा गेलेलं. वजनावर घेतलं. ख्रिस्ती माणसांशी माझा तोवर संबंध आला नव्हता, यहुदी माणूस तर मी अजूनही पाहिलेला नाही. उत्सुकतेपोटी पहिल्या पानापासून वाचायला लागलो आणि 'उत्पत्ती'च्या बाविसाव्या अध्यायात थबकलो. देव अब्राहामाला सांगतो, तुझा लाडका मुलगा इसहाक मला अर्पण कर. म्हातारा पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, लाकडं फोडतो आणि पोराला घेऊन तीन दिवसांची वाट चालायला लागतो. डोंगर चढताना लाकडं पोराच्याच खांद्यावर. पोरगा विचारतो, विस्तव आहे, लाकडं आहेत, कोकरू कुठं आहे? शेवटी सुरी उगारल्यावर देवदूत हाक मारतो, झुडपात शिंगं अडकलेला एडका दिसतो आणि पोर वाचतं.

मला त्या एडक्याशी काही घेणं नव्हतं. मी पानं मागेपुढे करून इसहाकच्या आईला, साराला शोधत होतो. नव्वदीत झालेलं एकुलतं पोर, आणि त्या पहाटे आई कुठं आहे? तिचं नावसुद्धा त्या प्रसंगात नाही. पुढचा अध्याय उघडतो तो थेट तिच्या मृत्यूनं. ज्यूंच्या जुन्या भाष्यकारांना हे खटकलं होतं. त्यांनी दोन अध्यायांची गाठ मारली आणि म्हटलं, नवऱ्यानं काय केलं हे ऐकून तिचा जीव गेला.

म्हणजे त्यांच्यात कहाणीत मधे बोलणारी माणसं होती.

इथं दोन प्रकारचे वाचक खूश होतील, त्यांना आताच थांबवतो. एक म्हणेल, पाहा, त्यांच्या धर्मग्रंथात कसलं कसलं भरलंय. त्यानं श्रावणात आपल्या घरात काय वाचलं जातं ते आठवावं. शिवलीलामृताचा चौदावा अध्याय आमच्या भागात पाठ असलेल्या बाया आहेत. दारी आलेल्या अतिथीला पोटच्या पोराचं मांस हवं. श्रियाळ आणि चांगुणा चिलयाला कापतात. आई आठवण म्हणून शिर लपवून ठेवते, तर अतिथी म्हणतो तेही उखळात घालून कांड. वर डोळ्यांत पाणी येता कामा नये, गाणं म्हणत कांड. अब्राहामाच्या गोष्टीत देव सुरी अडवतो. आमच्याकडे उखळ पूर्ण चालतं आणि मग पोर परत मिळतं. दुसरा वाचक म्हणेल, सगळेच धर्मग्रंथ टाकाऊ, जाळून टाका. त्याला मी एवढंच म्हणेन की या गोष्टी ग्रंथ जाळून जात नाहीत. त्या आमच्या वागण्यात आहेत. ग्रंथात निदान अध्यायवार सापडतात.

पोर परत मिळालं की राजा सुटतो. शिळासप्तमीच्या कहाणीत राजाला कुणी एक शब्द विचारत नाही. सुनेला फसवून माहेरी पाठवणारा सासरा, तळ्यात पलंग नेऊन ठेवणारे गडी, काठावर उभं राहून पाणी चढताना पाहणारं गाव, सगळे निर्दोष. मला तर वाटत आलंय की त्या दिवशी चूल न पेटवणं हे मुळात सुतकच असावं. ज्या घरात माणूस जातं तिथंच आपल्याकडे चूल पेटत नाही. बायकांनी ते धरून ठेवलं आणि कहाणीनं त्याला सणाचं लुगडं नेसवलं. शास्त्री मंडळी हसतील. हसोत.

जुनी गोष्ट आहे, कोण खरी मानतो, असं म्हणायचीही सोय आम्हाला नाही. आमचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्याआधी आम्ही परभणी जिल्ह्यातले. त्याच परभणी जिल्ह्यातल्या मानवतला १९७२ ते १९७४ या काळात बाया आणि लहान मुली एकामागून एक मारल्या गेल्या. पिंपळावरच्या मुंजाला कुमारिकेचं रक्त दिलं की गुप्तधन मिळतं, अशी ती समजूत. तपास रमाकांत कुलकर्णींसारख्या नाणावलेल्या अधिकाऱ्यानं केला, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तो दुष्काळाचा काळ. तळ्याला पाणी नव्हतं आणि लोकांनी जलदेवतेच्या जागी मुंजा बसवला, इतकाच फरक. राज्यानं अशा बळींविरुद्ध कायदा केला तो २०१३ साली, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घातल्या गेल्यानंतर. अधिनियमाच्या लांबलचक नावात 'महाराष्ट्र'नंतरचा पहिलाच शब्द 'नरबळी' असा आहे. एकविसाव्या शतकात, फुले-शाहू-आंबेडकरांच्या राज्यात, कायद्याच्या शीर्षकात हा शब्द घालावा लागला.

पण नरबळी म्हटलं की आपल्याला लिंबू, काळी बाहुली आणि अमावास्या आठवते, आणि आपण सुटतो. म्हणून मला जास्त छळते ती इफ्ताहाची गोष्ट. 'शास्ते' नावाच्या पुस्तकात ती अकराव्या अध्यायात आहे. इफ्ताह हा वेश्येचा मुलगा. सावत्र भावांनी वाटणीत हिस्सा नको म्हणून त्याला घराबाहेर काढलेला. पुढे अम्मोनी लोक चालून आले तेव्हा त्याच्याच गिलाद मुलखातल्या पुढाऱ्यांना हा लढवय्या आठवला आणि ते त्याच्या पाया पडत गेले. लढाईला निघताना त्यानं देवाला नवस बोलला: जय मिळाला तर परत येताना माझ्या घराच्या दारातून जे पहिल्यांदा मला सामोरं येईल ते तुला अर्पण करीन.

दारातून सामोरं कोण येणार होतं? गाय? त्या मुलखात जिंकून आलेल्या पुरुषांना डफ वाजवत, नाचत सामोऱ्या जायच्या त्या बायकाच. हे त्याला माहीत नव्हतं असं मी मानायला तयार नाही. आली ती त्याची एकुलती एक मुलगी, डफ वाजवत. बापानं कपडे फाडले आणि पहिलं वाक्य काय बोलावं? पोरी, तू मला खाली पाहायला लावलंस. नवस याचा, तोंड याचं, आणि दोष दारात आलेल्या पोरीचा. मी शब्द दिलाय, आता मागे फिरता येत नाही, हे वर. मुलगी दोन महिने मागून घेते, मैत्रिणींना घेऊन डोंगरात जाते, रडून घेते आणि परत येते. तिच्यासाठी झुडपात कुठलाही एडका अडकलेला नव्हता. देवही त्या वेळी बोलला नाही. गोष्टीत तिचं नाव दिलेलं नाही.

यावर जुन्या यहुदी पंडितांनी जे म्हटलंय ते वाचून मी अंगणात येऊन बसलो होतो. ते म्हणतात, असला नवस मोडता येत होता, नियम होता. पिनहास नावाचा मुख्य याजक हयात होता. त्याच्याकडे गेलं असतं तर त्यानं इफ्ताहाला शब्दातून मोकळं केलं असतं. पण इफ्ताह म्हणाला, मी सेनापती, मी कशाला जाऊ? पिनहास म्हणाला, मी याजक, गरज त्याला आहे, मी कशाला जाऊ? दोघांच्या मानपानात पोरगी गेली.

आता माझी गोष्ट. मी जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवत होतो. नववीतली एक मुलगी, गणितात बरी, हस्ताक्षर टपोरं, दिवाळीनंतर वर्गात आली नाही. तिचा बाप पत्रिका घेऊन शाळेच्या व्हरांड्यात आला. मुकादमाकडून उचल घेतलेली, कारखाना सुरू झालेला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात आणि उचल कोयत्यावर मिळते. एकट्या पोराला कोण उचल देणार? त्याला बायको पाहिजे. बाप म्हणाला, "गुरुजी, शब्द देऊन बसलो, सुपारी फुटली. आता माघारी फिरलो तर भावकीत तोंड दाखवता येणार नाही." थोडं थांबून म्हणाला, "पोरगी बी आता डोळ्यात यायलीय." पाहा, दोष पुन्हा दारात आलेल्या पोरीवरच. इफ्ताहासारखाच हा बापही स्वतः हाकललेला माणूस. दीड एकर कोरडवाहू, तीही गहाण. त्याला राक्षस म्हणणं मला जमत नाही, आणि तेवढ्यानं तो सुटतो असंही नाही.

२००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा मला पाठ होता. गावात तेव्हा ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असे. त्याच्याशी बोललो तर तो म्हणाला, शाळेनं लेखी कळवायला पाहिजे. शाळेत वरिष्ठांना विचारलं तर ते म्हणाले, ते काम ग्रामपंचायतीचं, आपण गावात राहायचंय. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर आमच्याच भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेला होता. मी तो फिरवला नाही. लग्नाच्या दिवशी मी मांडवात होतो. बुंदी, वांग्याची भाजी, पोळ्या. पंगतीत मला आग्रहानं वरच्या बाजूला बसवलं, कारण मी गुरुजी. मी खाल्लं. नंतर महिनाभर हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडत राहिलो आणि मग तिचं नाव तांबड्या शाईनं कमी केलं.

मी एकटाच असा निघालो असतो तर बरं झालं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ च्या पाहणीत, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. शेजारच्या परभणीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. आमचा जिल्हाही राज्याच्या सरासरीच्या वरच. यातल्या प्रत्येक लग्नात मांडव होता, भटजी किंवा भंते होते, आचारी होता, बँड होता, आणि पंगतीत माझ्यासारखी शिकलेली माणसं होती. बीड जिल्ह्यात तर ऊसतोडीच्या मुलखात तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्याचा आकडा २०१९ साली विधिमंडळात सांगितला गेला. पाळी आली की खाडा, खाड्याला दंड. चांगुणेला रडण्याची मनाई होती. या ऊसतोड बाईला आजारी पडण्याची मनाई आहे, आणि कोयता चालूच ठेवायचा आहे.

इफ्ताहाच्या गोष्टीच्या शेवटी एक बारीक नोंद आहे. त्यानंतर दरवर्षी इस्राएलच्या मुली चार दिवस त्या पोरीसाठी शोक करायला जात. इफ्ताहाच्या विजयाचा सण झाल्याचं लिहिलेलं नाही. आपल्याकडे तिची कहाणी झाली असती, तिला वाण मिळालं असतं, आणि इफ्ताहाला देऊळ.

'शास्ते'च्याच एकोणिसाव्या अध्यायाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण फार लिहिवत नाही. एक लेवी माणूस आपल्या उपपत्नीला घेऊन बन्यामीन वंशाच्या गिबा गावात मुक्कामाला थांबतो. रात्री गावगुंड दार ठोठावतात, पाहुण्याला बाहेर काढा म्हणतात. हा तिलाच बाहेर ढकलतो आणि आत झोपतो. रात्रभर तिच्यावर अत्याचार होतात. पहाटे ती दारापर्यंत येऊन पडते, हात उंबरठ्यावर. हा सकाळी दार उघडतो, प्रवासाला निघायचं म्हणून, आणि तिला म्हणतो, ऊठ, जायचंय. ती उत्तर देत नाही. घरी नेऊन तो तिचे बारा तुकडे करतो आणि इस्राएलच्या सगळ्या मुलखात पाठवून देतो. सगळे वंश खवळून उठतात, बन्यामीन वंशाची कत्तल होते. मग पुरुषांच्या लक्षात येतं की उरलेल्या सहाशे बन्यामिनी पुरुषांना बायका नाहीत. तेव्हा याबेश-गिलाद हे गाव कापून चारशे कुमारिका आणतात आणि कमी पडल्या म्हणून शिलोच्या सणात नाचणाऱ्या मुली द्राक्षमळ्यात दबा धरून पळवतात. एकीच्या अब्रूचा सूड म्हणून सहाशे जणी.

मला त्या उंबरठ्यावरच्या हातांपुढे जाता येत नाही. हे वाचताना खैरलांजीचं दलित हत्याकांड आठवतं, २९ सप्टेंबर २००६. त्याआधीचं १९७८ आठवतं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं केला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटल्या. पुढे नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. बाई कुठल्या जातीची आणि करणारे कुठल्या जातीचे, हे कळल्याशिवाय आम्हाला राग येत नाही. कळलं की तिचे बारा तुकडे करून आम्ही मोबाइलवरून बारा वंशांत पाठवतो. ती मेली की जिवंत आहे, हे तिला दारात विचारणारा कुणी नसतो.

तरीही ज्यांनी ही पुस्तकं जपली त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो. या त्यांच्याच लोकांच्या लाजिरवाण्या गोष्टी आहेत, शत्रूच्या नव्हेत. दावीद त्यांचा सगळ्यात लाडका राजा. त्यानं उरीयाची बायको बथशेबा ओढून आणली आणि उरीयाला लढाईत पुढे ठेवून मारवलं, हे त्यांनी झाकलं नाही. नाथान नावाचा संदेष्टा दरबारात जाऊन एका गरिबाच्या एकुलत्या कोकराची गोष्ट सांगतो, राजा चिडून गुन्हेगाराला मरणाची शिक्षा सुनावतो, आणि नाथान बोट दाखवतो ते राजाकडेच. आमच्या कुठल्या बखरीत असा नाथान शिल्लक राहिला असता? आमच्याकडे त्याच्या घरावर मोर्चा गेला असता आणि पुस्तकावर बंदी आली असती.

आमच्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. नामदेवांचं नरसी कयाधूच्या काठी, आमच्या घरापासून फार लांब नाही. औंढ्याच्या देवळात कुणीही पोरगं सांगेल, इथं नामदेवांसाठी देऊळ फिरलं. अंगावर काटा येतो, हात जुळतात. देऊळ फिरवायची वेळ का आली, हे विचारलं की आवाज खाली येतो. शीख बांधवांनी नामदेवांची ६१ पदं गुरु ग्रंथसाहिबात जपली आहेत, आणि तिथं नामदेव स्वतः सांगतात की भक्ती करत असताना मला धरून उठवलं, माझ्या जातीमुळे. तक्रार पंजाबनं जपली. आम्ही चमत्कार ठेवून घेतला. देव फिरला म्हणजे पुजारी सुटला, जसं पोर परत आलं म्हणजे राजा सुटला.

या गोष्टी मराठीत आणायला एका बाईनं आयुष्याची शेवटची वर्षं घातली, हेही मला नंतर कळलं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकमधून सबंध शास्त्राचं भाषांतर केलं, अडाणी बाईलाही कळावं अशा मराठीत. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या आणि १९२४ साली ते छापून आलं, तिथल्याच छापखान्यात, जिथं दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली आणि बालविधवा काम करत. अब्राहामानं टाकून दिलेल्या दासी हागारेची, डफ वाजवत आलेल्या पोरीची, उंबरठ्यावरच्या हातांची अक्षरं त्यांच्यापैकी कुणाच्या बोटांनी जुळवली असतील, याचा विचार मी अनेकदा करतो. रमाबाईंनी धर्म का बदलला यावर आपण शंभर वर्षं वाद घातला. त्या छापखान्यातल्या पोरी तिथं का आल्या, यावर किती घातला?

गेल्या श्रावणात सप्तमीला मी गावाकडे होतो. आता गॅस आहे, तरी आई त्या दिवशी शेगडीला हळदकुंकू लावते. आजी जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आईला वाचता येत नाही, म्हणून सातवीतली पुतणी पुस्तक घेऊन बसली होती. सुनेला माहेरी पाठवलं, इथवर वाचून ती थांबली.

"आजी, तिला सांगितलं कामून नाही?"

मी आईकडे पाहिलं. ती काकडीच्या पानावर भात सारखा करत होती. म्हणाली, "मला तरी कोणं इचारलं व्हतं? तेरावं लागलेलं मला." मग हात लुगड्याला पुसून, "वाच पुढं."

पुतणीनं पुस्तक मिटलं नाही, पण वाचलंही नाही. बराच वेळ ती पानावर बोट ठेवून बसली होती.